छप्पर कोणाच्या नावावर?

मार्च 1887 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंपुढे दोनच वाटा ठेवल्या. नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. अकराव्या वर्षी लग्न लागलेल्या आणि तोवर माहेरीच राहिलेल्या रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढचं आपल्याला ठाऊक असतं. 1888 मध्ये दोन हजार रुपये घेऊन नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, प्रकरण मिटवलं, रखमाबाई विलायतेला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत-राजकोटमध्ये त्यांनी आयुष्यभर काम केलं. ही कहाणी सांगताना आपण त्यांच्या धैर्याचं कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण एक तपशील बहुधा गाळला जातो. त्यांचे वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला, पण वारशाने आलेली मालमत्ता त्यांनी आपल्या आठ वर्षांच्या मुलीच्या नावावर केली होती. रखमाबाईंना न्यायालयाच्या तोंडावर ‘नाही’ म्हणता आलं, याला शिक्षण कारणीभूत होतं, स्वभाव होता, आईचा पाठिंबा होता, आणि राहायला घर होतं.

स्त्रियांवरच्या हिंसेबद्दल लिहिताना आपण या शेवटच्या कारणाकडे फार कमी पाहतो. प्रस्तुत पुस्तकातले लेख कार्यकर्त्यांचे आहेत, वकिलांचे आहेत, समुपदेशन केंद्रात टेबलापलीकडे बसणाऱ्या बायांचे आहेत, आणि काही अलीकडे बसलेल्या बायांचेही आहेत. विषय अनेक आहेत, सूरही एकसारखे नाहीत. तरी सगळं हस्तलिखित वाचून झाल्यावर मला त्यातून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू आला : “जाऊ कुठे?” प्रस्तावनेत मी त्या एका प्रश्नाचाच माग काढणार आहे. बाकीचं लेख स्वतः सांगतील.

आधी थोडे आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) देशातल्या 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 29 टक्क्यांनी नवऱ्याकडून कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण 25 टक्के, म्हणजे चौघींत एक. या आकड्यांची आता आपल्याला सवय झाली आहे. त्याच अहवालातला दुसरा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. कोणत्याही प्रकारची हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी 77 टक्के जणींनी मदत मागितली नाही आणि ती गोष्ट कोणाला सांगितलीही नाही. मदत मागितली ती फक्त 14 टक्क्यांनी, आणि त्यांतल्याही बहुतेक जणी गेल्या माहेरी. पोलीस, डॉक्टर, वकील, संस्था यांचा क्रमांक फार मागे लागतो. म्हणजे आपण ज्यांना ‘यंत्रणा’ म्हणतो त्या सगळ्या मिळून जेवढ्या बायकांपर्यंत पोचतात, त्याहून अधिक जणींचं भवितव्य आई-बापाच्या, आणि ते गेल्यावर भाऊ-भावजयीच्या, उंबऱ्यावर ठरतं.

एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या सुधारकांना ही गोष्ट नेमकी कळली होती. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवून जावं किंवा घेऊन जावं, अशी ती सोय होती. पंडिता रमाबाईंचं शारदासदन 1889 चं, धोंडो केशव कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम 1896 चा. आपण या साऱ्यांची गणना शिक्षणाच्या इतिहासात करतो, कारण शाळा मिरवायला सोपी असते. पण या बायांनी आणि पुरुषांनी आधी निजायला जागा दिली, मग पाटी हातात दिली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून गेल्या, त्या संतापाचं मूळही सुरतेच्या एका विधवेला बालहत्येबद्दल झालेल्या शिक्षेत होतं. तिच्यासाठी कुठलं दार उघडं असतं तर खटलाच उभा राहता ना, हे ताराबाईंना वेगळं सांगावं लागलं नसेल.

स्वातंत्र्यानंतरची स्त्री-चळवळ मात्र घराबाहेरच्या, तेही पोलीस चौकीतल्या, अत्याचारातून उभी राहिली. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजला मथुरा नावाची एक आदिवासी मुलगी भावाच्या तक्रारीवरून चौकीत आणली गेली आणि तिथे तिच्यावर बलात्कार झाला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. 1980 च्या 8 मार्चला ठिकठिकाणी बायका रस्त्यावर आल्या, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून इथे थांबत नाही. फक्त एवढं लक्षात ठेवायला हवं की त्याच 1983 मध्ये भारतीय दंड संहितेत कलम 498-अ आलं, आणि नवऱ्याने व सासरच्यांनी केलेला छळ हा पहिल्यांदा स्वतंत्र गुन्हा झाला. आता भारतीय न्याय संहितेत तो कलम 85 मध्ये आहे.

त्या कलमाच्या आगेमागे पुण्यात एक मृत्यू झाला होता. जून 1982 मध्ये मंजुश्री सारडा ही नवविवाहिता सासरी विषाने मेली. बीडला माहेरी येऊन ती पुन्हा पुण्याला गेली होती, आणि त्या काळात तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं पुढे न्यायालयात वाचली गेली. सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संशयाचा फायदा देऊन त्याला मुक्त केलं. परिस्थितीजन्य पुरावा कसा तोलावा याची जी पाच सूत्रं या निकालात घालून दिली, त्यांना ‘पंचशील’ म्हणतात आणि देशभरातले फौजदारी वकील आजही ती उद्धृत करतात. कायद्याच्या पुस्तकात हा खटला त्या सूत्रांसाठी जगतो. पुण्यातल्या बायकांनी त्याचं वेगळं काही केलं. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव नेलं, नारी समता मंच उभा राहिला. प्रदर्शन पाहायला आलेल्या बायका तक्त्यांपुढे उभ्या राहून स्वतःबद्दल बोलू लागल्या. मग त्यांच्यासाठी ‘बोलते व्हा’ हे केंद्र सुरू करावं लागलं.

नवरा दोषी होता की नव्हता, हा प्रश्न न्यायालयाने सोडवला आहे. माझा प्रश्न त्या पत्रांशी आहे. पोरगी सुखी नाही हे माहेरी कळलेलं असतं, आणि तरी तिची बॅग भरली जाते. यात आई-बापांना खलनायक ठरवायचं कारण नाही. ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणणाऱ्या बापाला पाठची बहीण उजवायची असते, शेजाऱ्यांना तोंड द्यायचं असतं, आणि मुळात त्याच्या डोक्यात या घरात मुलीची जागा उरलेलीच नसते. ती चार दिवसांची पाहुणी असते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने 1994 मध्येच दिला, जरी त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. केंद्राने 2005 मध्ये तो सगळ्यांना दिला आणि 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या शंका मिटवल्या. हिंदू कोड बिलाची वाट अडवली गेली म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं, तेव्हा विरोधकांना जी कलमं सर्वांत झोंबत होती त्यांत मुलीचा वाटा होता. म्हणजे कागदावर आपण पुष्कळ चाललो आहोत. आणि प्रत्यक्षात? बाप गेल्यावर वारसनोंदीत बहिणींची नावं लागतात, आणि पाठोपाठ हक्कसोडपत्राचा स्टॅम्प पेपर येतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर कुठल्याही दिवशी उभं राहा. जीप भरून बहिणी आलेल्या असतात, भाऊ चहा-भजी सांगतो, अंगठे आणि सह्या होतात, साडी-चोळी होते. कोणी जबरदस्ती करत नाही. जिने वाटा मागितला तिचं माहेर तुटतं, हे प्रत्येकीला पाठ असतं, आणि माहेर तुटलं तर सासरी मार पडल्यावर जायचं कुठे, म्हणून ती सही करते. माहेरचा आसरा राखायला ती माहेरचा हक्क सोडते. पुढे खरोखरच मार खाऊन ती त्या दारात येते तेव्हा ते घर भावाचं असतं, भावजयीच्या मर्जीचं असतं, आणि ती तिथे आश्रित असते. महिनाभराने तोच भाऊ पंच जमवून तिला ‘समजावून’ परत पाठवतो. या पुस्तकातल्या निवेदनांपैकी जवळजवळ प्रत्येकात हा परतीचा प्रवास आहे. वाचकाने मारहाणीच्या वर्णनांपेक्षा तिथे जास्त थांबावं, अशी माझी सूचना आहे.

ज्या परतल्या नाहीत, किंवा ज्यांना परत घेतलंच गेलं नाही, त्यांची चळवळ महाराष्ट्राने पाहिली आहे, पण तिची आठवण फारशी ठेवलेली नाही. 1988 मध्ये संगमनेरला ॲड. निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद भरवली. घटस्फोट नाही, वैधव्य नाही, नवऱ्याने टाकलेली एवढीच ओळख असलेल्या बाया तिथे जमल्या. त्यांच्या मागण्या वाचून आजही चकित व्हायला होतं, इतक्या त्या व्यवहारी होत्या. वेगळं रेशनकार्ड हवं. घर हवं. पोटगी मिळायला हवी, आणि ती जगण्यापुरती हवी. केंद्रीय कायद्यात तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खालच्या पोटगीला महिना 500 रुपयांची कमाल मर्यादा होती, आणि ती 2001 पर्यंत टिकली. सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकरांच्या नेतृत्वाखालच्या स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतल्या परित्यक्तांनी गावात घरासाठी स्वतःच्या नावाने जागा मागितली. त्याआधी, 18 एप्रिल 1966 रोजी, हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत सचिवालयावर मोर्चा घेऊन गेल्या होत्या. तोंडी तलाकाने एका रात्रीत घराबाहेर पडणाऱ्या बाईचा प्रश्न काही वेगळा नव्हता.

शेतकरी संघटनेचं काम या संदर्भात मला महत्त्वाचं वाटतं, आणि शहरी स्त्रीवाद्यांनी त्याची पुरेशी दखल घेतली नाही असं माझं मत आहे. 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं विराट अधिवेशन झालं. 1990 च्या सुमारास शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम दिला : शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करावा. त्यात उपकाराची, पुरुषाने उदार होण्याची भाषा होती, हे खरं. तरीही तलाठ्याच्या दप्तरात बाईच्या नावाने पडलेली एक फेरफार नोंद शंभर भाषणांपेक्षा टिकाऊ असते. पुढे ‘घर दोघांचं’ म्हणत ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर बायकोचं नाव लावण्याची मोहीम झाली, ती याच वाटेवरची.

नाव लागल्याने खरंच मार थांबतो का? प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केरळमधल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःच्या नावावर ना घर ना जमीन अशा स्त्रियांपैकी 49 टक्क्यांनी नवऱ्याची मारहाण सोसली होती. घर आणि जमीन दोन्ही असलेल्यांत हे प्रमाण 7 टक्के होतं. आपल्या नावावरच्या घरातून बाईला हाकलता येत नाही, आणि ती निघून जाऊ शकते हे मारणाऱ्यालाही कळतं, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे.

2005 चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. घर कोणाच्याही नावावर असो, सामायिक घरात राहण्याचा हक्क स्त्रीला आहे, हे त्याच्या कलम 17 ने पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं. दोन महिनेही झाले नसतील, तोच डिसेंबर 2006 मध्ये बत्रा खटल्याचा निकाल आला. सासूच्या मालकीचं घर हे ‘सामायिक घर’ नव्हे, असं त्यात ठरलं. मुंबई-पुण्यातल्या कुटुंबांचे फ्लॅट कोणाच्या नावावर असतात, हे वाचकाला सांगायला नको. त्या एका निकालाने कित्येक सुनांच्या हातातला कागद निरुपयोगी झाला. आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती चूक दुरुस्त केली ती ऑक्टोबर 2020 मध्ये. मधल्या 14 वर्षांत बाहेर पडलेल्या बायांचं काय झालं, याची मोजदाद कुठेच नाही. अर्ज 60 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. कोर्टाच्या पायऱ्या चढलेली कोणीही बाई त्यावर हसेल.

घटस्फोटाच्या बाबतीत तर अजून मोठी पोकळी आहे. लग्नानंतर नवऱ्याच्या नावाने जे काही उभं राहतं, त्यात बायकोचा वाटा हिंदू विवाह कायद्यात आजही नाही. तसा वाटा देऊ पाहणारं विधेयक 2013 मध्ये राज्यसभेत मंजूर होऊन नंतर बारगळलं. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे पती-पत्नी मालमत्तेचे निम्मे-निम्मे मालक समजले जातात, आणि घर विकायला दोघांच्या सह्या लागतात. याउलट 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम 9, म्हणजे वकिलांच्या बोलीत ‘नांदायला येण्याचा दावा’, अजून शाबूत आहे. रखमाबाईंवर जे लादलं गेलं तेच हे. आंध्र उच्च न्यायालयाने 1983 मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये ते वैध ठरवलं.

नाव लागलं की सगळं झालं, असं मात्र मी म्हणत नाही. बाईच्या नावाने घर घेतलं तर महाराष्ट्रात 2021 पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. तेव्हा पुष्कळ घरं बायकांच्या नावावर होतात, आणि कर्जाचे हप्ते, चाव्या, विक्रीचा निर्णय नवऱ्याकडेच राहतात. एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असलेल्या नोकरदार बायका मला ठाऊक आहेत. गोव्याच्या निम्म्या हिश्श्यालाही व्यवहारात नवऱ्याच्या कारभाराची बाधा होतेच. बीडच्या ऊसतोड कामगारांत तर बाईच्या श्रमालाही वेगळं अस्तित्व नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, आणि मुकादमाकडून उचल घेतो तो नवरा. कोयता पुरा व्हावा म्हणून कोवळ्या मुलींची लग्नं लावली जातात. 2011 च्या जनगणनेत याच जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली उरल्या होत्या. ज्या घरात वाटा नाही, मजुरी हातात नाही आणि जन्मही नकोसा, तिथे बाईने ‘सक्षम’ व्हावं म्हणजे नेमकं काय करावं, हे सरकारी पत्रकांनी एकदा सांगावं.

तोवर तात्पुरता आधार देणाऱ्या जागा तरी टिकल्या पाहिजेत. 1984 मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने मुंबई पोलीस आयुक्तालयातच स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला. 2000 च्या सुमारास महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ सुरू केलं, कारण ‘जिन्यावरून पडले’, ‘स्टोव्ह भडकला’ म्हणणाऱ्या बाया आधी दवाखान्यात येतात. दोन्ही प्रयोग पुढे पसरले. या दोन्हींबद्दल पुस्तकात सविस्तर लेख आहेत.

या संग्रहातली एक उणीवही सांगितली पाहिजे. मारणाऱ्या पुरुषांबद्दल यात फार थोडं आहे. 1993 पासून काम करणाऱ्या ‘मावा’सारख्या पुरुषांच्या गटाचा उल्लेख ओझरता येतो. पुढच्या आवृत्तीत संपादकांनी ती भर घालावी. तसंच भटक्या-विमुक्तांच्या जातपंचायतींचा विषय एका परिच्छेदात गुंडाळायचा नव्हता.

वाचकांना एकच विनंती. पुस्तक वाचून कोणाला हेलावून जायला झालं तर हरकत नाही, पण त्यानंतर एक काम करा. घराचा करारनामा, नमुना 8, शेताचा सातबारा, जे काही तुमच्या कुटुंबाचं असेल ते कपाटातून काढा आणि त्यावर कोणाची नावं आहेत ते वाचा. घरातल्या बाईचं नाव नसेल तर लावायला लागणारा अर्ज तलाठ्याकडे, ग्रामपंचायतीत किंवा सोसायटीच्या कार्यालयात मिळतो. बहिणीसाठी हक्कसोडपत्राचा कागद करून ठेवला असेल, आणि अजून सही झाली नसेल, तर तो तिच्यापुढे ठेवू नका.